हिवाळ्यात सहाच्या आत घरात

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या वस्तीतल्या सायकली एकेक करून भिंतीला लागतात. पुरुषांच्या नाहीत, बायकांच्या आणि मुलींच्या. पार होळीपर्यंत त्या तिथेच उभ्या असतात, चाकांतली हवा गेलेल्या, कॅरिअरवर कुणाची तरी फडकी वाळत घातलेल्या. का गं, सायकल का बंद, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "थंडी किती पडलीय ताई!"

मी गेली बरीच वर्षं बारा महिने सायकलनंच कामावर जाते, आणि मला हे उत्तर मुळीच पटत नाही. आपल्याकडे सायकल चालवायला हिवाळ्याइतका चांगला ऋतू दुसरा नाही. पावसाळ्यात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं ते कळत नाही, रेनकोटच्या आत घामानं भिजायचं आणि बाहेर पावसानं. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराला चढ चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्या मानानं डिसेंबर-जानेवारीत काय होतं? पुण्यात पारा कधीमधी दहाच्या खाली जातो. पहिली दहा मिनिटं हँडल धरलेली बोटं बधिर होतात, कान ठणकतात, डोळ्यांतून पाणी येतं. मग अंग तापतं, आणि पहिल्याच चढाला स्वेटरची वरची दोन बटणं काढावी लागतात. कानाला स्कार्फ आणि हातात जुने हातमोजे असले की थंडीचा प्रश्न संपला. शिवाय ज्या बायका पहाटे साडेपाचला नळाच्या गार पाण्यात धुणं भिजवतात, भांडी घासतात, त्यांना वीस मिनिटांच्या सायकलची थंडी सोसत नाही असं कुणी म्हटलं तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? धुण्याच्या वेळी नाही ती थंडी सायकलच्या वेळी कुठून येते?

थंडी हे अंधाराचं सभ्य नाव आहे. "अंधाराची भीती वाटते" असं म्हटलं की घरातून लगेच पुढचं वाक्य येतं, "मग कामच सोड." म्हणून बायका थंडीचं नाव घेतात.

हा अंधार नेमका किती असतो? जूनमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासातला मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीला तो सहाच्या आतच मावळतो. सकाळ तर आणखी उशिरा होते, जानेवारीच्या मध्यावर सूर्योदयाला सात वाजून जातात. नागपूरकडच्या मैत्रिणींकडे उजाडतं थोडं आधी, पण डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडालेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात जी बाई सकाळी सव्वासहाला लख्ख उजेडात निघते आणि संध्याकाळी साडेसहाला उजेडातच परतते, तिच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही वेळा हिवाळ्यात काळोखात जातात. तिच्या कामाचे तास तेच आहेत, मालकाचं घड्याळ तेच आहे. फक्त सूर्य सरकला.

कायद्याचं घड्याळही सरकत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं ६६ वं कलम म्हणत होतं की स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात कामावर ठेवावं. "सातच्या आत घरात" हे आपल्या आयांचं वाक्य (त्या नावाचा सिनेमाही २००४ साली येऊन गेला), पण ते सरकारच्या पुस्तकातही होतं. फरक इतकाच, की आई घरी पोचायची वेळ सांगायची आणि कायदा कारखान्यातून सुटायची. पुढे रात्रपाळीच्या बंदीविरुद्ध बायका कोर्टात गेल्या, नियम बदलले, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं स्त्रीच्या संमतीनं आणि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रीचं काम मोकळं केलं. पण रात्र म्हणजे काय? तर तेच दोन आकडे. सकाळी ६ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर. दुकानांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात तर स्त्रियांचा दिवस सकाळी ७ ते रात्री साडेनऊ. म्हणजे कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून रात्री नऊला सुटणारी मुलगी कायद्याच्या दृष्टीनं दिवसाढवळ्या घरी चाललेली असते. सकाळी सातच्या पाळीसाठी जानेवारीत सव्वासहाला घर सोडणारी बाईसुद्धा दिवसाचीच कामगार. तिला ने-आण करण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, कारण अंधार हा कायद्याच्या हिशेबात बसत नाही.

घरकामगार बायकांना तर हे अपुरं घड्याळही नाही. पुण्यात १९८० साली त्यांनी संप केला, संघटना बांधली. २००८ साली महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कामाचे तास त्यात ठरलेले नाहीत. पहिल्या घरी सकाळी साडेसहाला पोचायचं, कारण तिथल्या बाईंना साडेसातला ऑफिसची बस पकडायची असते. एका बाईच्या वेळेवर जाण्यासाठी दुसऱ्या बाईनं अंधारात निघायचं, ही गोष्ट आपण नोकरी करणाऱ्यांनी तरी विसरू नये.

आता हिवाळ्यातली दुसरी एक सायकल पाहा. रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या नाहीतर लोणावळ्याच्या रस्त्यावर टोळ्याच्या टोळ्या निघतात. डोक्यावर हेल्मेट, पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा लाल दिवा, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. त्यांत आता बायकाही असतात, मला त्याचा आनंदच आहे. त्यांच्यासाठी हिवाळा हा सायकलीचा मोसम आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत फोटोही त्यांचेच येतात. पण त्याच रस्त्याच्या कडेनं, त्याच अंधारात, डब्याची पिशवी हँडलला लावून, साडीचा पदर खोचून जी कामावर चाललेली असते तिला कुणी सायकलपटू म्हणत नाही. ती नुसती "सायकलवरची बाई". गाडीवाल्याला ती दिसते तेव्हा बहुधा हॉर्न वाजवून झालेला असतो.

पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं हे पुणेकर अजून अभिमानानं सांगतात. शिक्षिका, नर्सबाई, कॉलेजच्या मुली, तार-टपाल खात्यातल्या बाया, सगळ्या सायकलवर. रात्री दिवा नसला की पोलीस अडवत, म्हणून डायनामो चाकाला घासत, घरघर करत सगळे जात. मग ल्यूना आली, स्कूटी आली. ज्यांना परवडलं त्यांनी सायकल सोडली, आणि त्यात वाईट काही नाही. स्कूटीनं मध्यमवर्गातल्या मुलींना मोकळं केलं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्यांना परवडलं नाही त्या सायकलवर राहिल्या का? तर नाही, त्या चालायला लागल्या. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे मोजलं गेलं, आणि पायी जाण्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, सायकलनं जाण्यात मात्र पुष्कळ कमी निघालं. गरीब घरात सायकल असली तरी ती पुरुषाची असते. बाईच्या वाट्याला पाय.

म्हणूनच एका बैठकीत एका जुन्या कार्यकर्त्या मैत्रिणीनं घेतलेला आक्षेप मला महत्त्वाचा वाटला. ती म्हणाली, "चार घरची धुणीभांडी करून, घरचं रांधून थकलेल्या बाईला तुम्ही वर सायकल मारायला सांगता? तिला बस द्या, ती बसून जाऊ दे. सायकल हे कष्टच आहेत." तिचं म्हणणं खोटं नाही. बस हवीच. मिळेल तिथे, वेळेवर, रिकामी. त्यासाठी मोर्चा काढायचा असेल तर मी पुढे उभी राहीन. पण घरकामगार बाईचा दिवस एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याचा नसतो. सकाळी एका गल्लीत दोन घरं, मग दीड किलोमीटरवर तिसरं, मध्ये घरी येऊन मुलांना शाळेत पाठवायचं, दुपारी चौथ्या घरची पोळ्यांची वेळ. या तुकड्यातुकड्यांच्या वाटांना बस कुठून पुरी पडणार? आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं तिकीट. माझी तुलना बसशी नाही, पायी चालण्याशी आहे. चार किलोमीटर चालायला पाऊण तासाच्या वर जातो, सायकलला वीस मिनिटं लागतात. जाऊन-येऊन रोज जवळजवळ एक तास वाचतो. कष्टकरी बाईच्या दिवसातला एक तास म्हणजे काय हे ज्यांनी तो कधी मिळवला आहे त्यांनाच ठाऊक. आमच्यातली एक जण त्या तासात काहीही करत नाही. ती झोपते. मला ते फार आवडलं.

आणि अंधारात सायकलवरची बाई चालणाऱ्या बाईपेक्षा कमी सुरक्षित असते असंही मला अनुभवानं वाटत नाही. मागे लागलेल्याला सायकलवरून मागे टाकता येतं, चालताना येत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या २०११ सालच्या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात मांडलं आहे की सार्वजनिक जागेत बाईला सतत दाखवावं लागतं, आपण कामानं आलो आहोत, उगाच नाही. सायकल हे दाखवण्याचं काम आपोआप करते. ती थांबत नाही, रेंगाळत नाही, कुणाच्या नजरेला नजर द्यायला तिला वेळ नसतो. अर्थात, बायकांनी रेंगाळावंही असं त्याच पुस्तकाचं म्हणणं आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण तो पुढचा मुक्काम झाला.

बंद गाडीत बसवलं म्हणजे बाई सुरक्षित, या समजुतीचं काय झालं तेही आपण पाहिलं आहे. २००७ साली पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर, तिला कामावर न्यायला आलेल्या कंपनीच्याच गाडीत अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर गाड्यांचे नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण त्याच कचेऱ्यांतल्या फरशा पुसणाऱ्या, कॅन्टीन सांभाळणाऱ्या कंत्राटी बायकांसाठी गाडी कुठे आली? मी एका मोठ्या कचेरीच्या फाटकाशी पहाटे उभी राहून पाहिलं आहे. आत येणाऱ्या गाड्यांच्या रांगेशेजारून बायका पायी येत होत्या. त्यांची ओळखपत्रं वेगळ्या रंगाची होती.

मुलींच्या सायकलीबद्दल आपल्याकडे सरकारनं काही केलेलं आहे, तेही सांगायला हवं. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा मोहिमेचाच भाग केला आणि लाखावर खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलेलं अनेकींनी वाचलं असेल. बिहारनं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतली मुलींची भरती सुमारे तीस टक्क्यांनी वाढली, आणि शाळा जिथे दूर होती त्या गावांत परिणाम जास्त दिसला. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात.

चांगलंच आहे. पण मुलगी शाळा सुटेपर्यंत सायकल तिची, पुढे भावाची. आणि त्याआधीही एक गळती आहे, ती बहुधा कुठल्या अहवालात येत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे जादा तास, सराव परीक्षा, गणिताची शिकवणी हे सगळं डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातला नाहीतर संध्याकाळी सहानंतर. ज्या दोन महिन्यांत मुलीनं शाळेत सर्वांत जास्त थांबायचं, नेमक्या त्याच दोन महिन्यांत तिला सर्वांत लवकर घरी बोलावलं जातं. भाऊ जादा तासाला जातो, ही घरी वही उतरवून घेते. मग निकाल लागला की म्हणायचं, मुलीला गणित जमत नाही. मुख्याध्यापकांना जादा तास दुपारी घेता येणार नाहीत का? आम्ही एका शाळेत विचारलं तेव्हा शिक्षक म्हणाले की कुणी कधी मागितलंच नाही. पुढच्या आठवड्यापासून तास साडेतीनला सुरू झाला. इतकं सोपं होतं.

सगळं इतकं सोपं नाही. सासूबाई सांगतात, थंडीत सायकल मारली की पोटात वारं जातं, पाळी बिघडते. तरुण मुलींच्या बाबतीत त्याहून वाईट बोललं जातं, कुजबुजत, की सायकलनं मुलगी "मुलगी" राहत नाही. आरोग्य शिबिरांत आपण हे मोकळेपणानं बोलायला हवं. योनिपटलाचा आणि चारित्र्याचा संबंध नसतो, सायकलीचा तर त्याहून नसतो. दम्याच्या बाईनं मात्र जपावं, आणि ते थंडीमुळे जितकं त्याहून जास्त धुरामुळे. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची उबदार, त्यामुळे धूर वर उठत नाही, रस्त्यावरच साचून राहतो. त्यात शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा, प्लास्टिक. सकाळी सातला सायकलवरची बाई हे सगळं मोठ्या श्वासानं आत घेते, आणि काच वर केलेल्या गाडीतला माणूस ते तिच्यासाठी सोडत पुढे जातो.

मग करायचं काय? दिवा लावा, चमकत्या पट्ट्या लावा, फिकट रंगाचा स्वेटर घाला, हे मी प्रत्येकीला सांगते. बॅटरीचा छोटा दिवा आता स्वस्तात मिळतो, आणि मागचा लाल दिवा पुढच्याहून महत्त्वाचा. ओढणी आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून चेनकव्हर असलेली लेडीज सायकलच घ्या, जुनी घेतली तरी चालेल. पण हे सांगताना मला दरवेळी खटकतं. बाईनं दिवा लावावा, बाईनं कपडे बदलावेत, बाईनं रस्ता बदलावा! मग महानगरपालिकेनं काय करावं?

रस्त्यावरचे दिवे पाहा. खांब दुभाजकावर, उजेड मोटारींच्या मार्गिकेवर. सायकल जिथून चालते त्या डाव्या कडेला झाडांची सावली, उभ्या गाड्यांची सावली, आणि गटाराचं झाकण नेमकं तिथेच. सातारा रस्त्यावर आणि इतरत्र सायकल-मार्ग बांधले गेले, त्यांवर काय काय उभं असतं ते पुणेकरणींना सांगायला नको. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमाराला रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या, आणि काही वर्षांत गेल्याही. त्या घ्यायला स्मार्टफोन आणि फोनवरून पैसे भरायची सोय लागे, त्यामुळे आमच्या वस्तीतल्या एकीनंही त्यांवर कधी पाय ठेवला नाही. ज्यांना सायकलची सर्वांत जास्त गरज, त्यांना विचारून आराखडा केला असता तर पहिली मागणी निघाली असती ती उजेडाची.

दुसरी निघाली असती जागेची. कामावर पोचल्यावर सायकल ठेवायची कुठे? सोसायटीच्या आत चारचाकींना आखलेल्या जागा, पाहुण्यांच्या गाड्यांनाही जागा, पण कामाला येणाऱ्या बाईची सायकल वॉचमन फाटकाबाहेर लावायला लावतो. बाहेर ती चोरीला जाते. एकीची दोन वर्षांत दोनदा गेली, तिसरी तिनं घेतलीच नाही. या मासिकाच्या वाचक असलेल्या आपल्यापैकी अनेकजणी अशा सोसायट्यांत राहतात, काहीजणी कमिटीवरही असतील. कामगार बायकांच्या सायकलींसाठी फाटकाच्या आत, दिव्याखाली, एक मोटार मावेल एवढी जागा. वार्षिक सभेत हा विषय कुणी काढला आहे का?

संघटनांनी घ्यावीत अशी कामं मला दिसतात ती अशी. ने-आण करण्याची मालकाची जबाबदारी घड्याळाच्या आकड्यावर नको, सूर्यास्त आणि सूर्योदयावर हवी, आणि ती कंत्राटी बायकांनाही लागू हवी. कामगार संघटनांनी करारात हे कलम घालून बघावं, कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. शाळांना जादा तासांच्या वेळा विचाराव्यात. आणि या पौष महिन्यात, प्रत्येक वस्तीतल्या चार-चार जणींनी कामावर जायच्या रोजच्या वाटेवरचे बंद दिवे मोजावेत. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो वहीत उतरवायचा, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. आम्ही आमच्या वाटेवर सुरुवात केली आहे. पहिल्या सकाळी दोन किलोमीटरमध्ये अकरा खांब बंद निघाले, त्यांतल्या तिघांवर क्रमांकच नव्हता, तेव्हा समोरच्या दुकानाचं नाव लिहिलं. अर्ज दिला आहे. पुढची फेरी येत्या सोमवारी सव्वासहाला आहे, सायकल नसली तर डबलसीट घेऊ.